साहेबांचा पिन

चाकणच्या कंपनीत माझा पहिला दिवस होता आणि मला बसायला दिलेली खुर्ची डिस्पॅचच्या साहेबांच्या बरोबर समोर होती. मध्ये एक टेबल, टेबलावर दोन कॉम्प्युटर. मी बॅग ठेवली, नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि परत स्क्रीनकडे बघू लागले. थोड्या वेळाने कंपनीने सकाळीच हातात दिलेला काळा, बटणांचा फोन थरथरला. मेसेज होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. 'स्वागत. तुमच्या खुर्चीचं डावं चाक निखळतं. डावीकडे रेलून बसू नका. आधीचे दोघेही पडले आहेत.'

मी वर बघितलं. समोरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला होता. चेहऱ्यावर काही नाही. फक्त दोन्ही अंगठे टेबलाच्या कडेखाली हलत होते. लगेच दुसरा मेसेज आला. 'सकाळचा चहा प्या. दुपारचा पिऊ नका. तो सकाळचाच असतो.'

हातभर अंतरावर बसलेला माणूस तोंडाने बोलत नाही आणि फोनवर लिहितो, हे मला तेव्हा फार उर्मट वाटलं. घरी, म्हणजे संत तुकाराम नगरात मी मैत्रिणींबरोबर राहायचे तिथे, मी साहेबांची नक्कलही करून दाखवली होती.

आमची कंपनी मोटारींना लागणारे प्लॅस्टिकचे भाग बनवायची. डिस्पॅचचं काम म्हणजे तयार माल गाडीत भरून वेळेवर मोटारींच्या कंपनीत पोचवायचा. गाडीला उशीर झाला तर तिकडचं काम थांबतं आणि इकडे फोन सुरू होतात. असल्या खात्याचा प्रमुख फोन उचलत नाही, हे ऐकून कुणाचाही विश्वास बसला नसता. पण त्या काळी आमच्या पट्ट्यात थोडा मोठा हुद्दा म्हटलं की हातात हाच बटणांचा फोन असायचा, आणि त्यातला मेसेंजर म्हणजे आम्हा सगळ्यांचं चावडीचं ठिकाण होतं. ट्रान्सपोर्टवाला, गिऱ्हाइकाकडचा माणूस, आमचे जीएम, सगळे त्यावर. प्रत्येक फोनला आकडे आणि अक्षरं मिळून एक पिन असायचा. पिन दिला की माणूस जोडला गेला. मोबाइल नंबर द्यावाच लागत नसे.

साहेब नंबर कुणालाच द्यायचे नाहीत. कंपनीने छापून दिलेल्या कार्डावर नंबराची ओळ ते काळ्या पेनाने नीट पट्टी लावून खोडायचे आणि खाली बारीक अक्षरात पिन लिहायचे. कार्डांचा नवा गठ्ठा आला की एक अख्खी दुपार त्यांचं हे काम चालायचं. एचआरच्या बाईंनी एकदा विचारलं, "सर, नंबर चुकला असेल तर नवीन छापून देऊ का?" साहेबांनी मान हलवली आणि त्यांना मेसेज पाठवला. 'नंबर बरोबर आहे. म्हणूनच खोडतो.'

दुसरी गंमत म्हणजे त्यांची भाषा. तोंडाने बोलायचे ते दिवसातून मोजकंच, पण बोलले की शुद्ध मराठी. गाडीला ते वाहन म्हणायचे. गेटला फाटक. गर्दी असली की 'माणसं फार आहेत'. गुरुवारच्या डिलिव्हरीबद्दल विचारलं तर म्हणायचे, "बुधवार झाला की." नवी मुलं हसायची. मलाही वाटायचं, लातूरकडचा माणूस, शिक्षकाच्या घरातला असेल.

कारण कळलं ते एकदा आम्ही दोघं रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाच्या कंपनीत मीटिंगला गेलो तेव्हा. गेटवर वॉचमनने वही पुढे ओढली आणि विचारलं, "नाव?" साहेबांचं नाव ग वरून सुरू होतं. त्यांनी तोंड उघडलं. ओठ जागच्या जागी थांबले, मानेची शीर ताठ झाली, डोळे वॉचमनच्या टोपीवर खिळले. मागे लोक उभे होते. वॉचमन म्हणाला, "काय राव, नाव इसरला का काय?" मागचे दोघं हसले. मी नाव सांगायला पुढे झाले, तर साहेबांनी हात आडवा केला, खिशातून कार्ड काढलं आणि वहीवर ठेवलं. वॉचमनने उतरवून घेतलं.

आत जाताना ते माझ्याकडे न बघता चालत होते. जिन्यात माझा फोन थरथरला. 'नंबर दिला की लोक फोन करतात. फोनवर पहिल्यांदा नाव सांगावं लागतं.' मग थोड्या वेळाने, 'गाडी, गेट, गर्दी, गुरुवार. डिस्पॅचमध्ये नोकरी करायला मी चुकीच्या अक्षराशी भांडण घेतलं आहे.'

त्या दिवसापासून वाहन या शब्दाला मी कधी हसले नाही.

आणि लिहिताना त्यांना कुठलंच अक्षर अडवत नव्हतं. रोज सकाळी पहिली गाडी निघायच्या आधी ते आमच्या ग्रुपवर काहीतरी लिहायचे. ते कुरुळीला एका शेतकऱ्याच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि स्कूटरवरून कंपनीत यायचे. तेवढ्या रस्त्यात जे दिसेल ते लिहायचे. एकदा लिहिलं होतं, 'कुरुळी फाट्यावर एक म्हैस ट्रेलरच्या सावलीत बसली होती. ट्रेलर निघाला, सावली गेली. म्हैस उठली नाही. नुसती ड्रायव्हरकडे बघत राहिली. त्याने गाडी मागे घेतली, इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. पहिली गाडी आज उशिरा येईल. कारण कागदोपत्री वेगळं लिहा.' एकदा दोन शेडच्या मधल्या कांद्याच्या वाफ्याबद्दल लिहिलं होतं. तिथली बाई खुरपता खुरपता कंपनीचा भोंगा झाला की जेवायला बसते, तिचा नवरा आत कामाला आहे, दोघं एकाच वेळी भाकरी मोडतात, मधे पत्र्याची भिंत.

हे वाचायला आम्ही थांबायचो. शॉपफ्लोअरचा शिफ्ट इनचार्ज कुरुळीचाच होता, घरची शेती कंपनीत गेलेली, दांडगा आणि बोलका. तो मशीनजवळ उभा राहून मोठ्यांदा वाचून दाखवायचा. म्हणायचा, "आमी जन्मापास्नं ह्याच रस्त्यानं येतो-जातो, राव. आमाला कवा म्हैस दिसली न्हाई अशी."

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्याचेही साहेबांचे नियम होते. ळ असेल तर मोठा एल, ण असेल तर मोठा एन. कुणी आळस केला की लगेच विचारणा यायची. 'माल काल आला म्हणता की मालाचा काळ आला म्हणता?' जीएमना सुद्धा त्यांनी असं सुधारलं होतं. जीएम चिडले नाहीत. त्यांच्या मेसेजमध्येही मोठा एल दिसायला लागला.

मेसेज समोरच्याला पोचला की त्याच्या बाजूला छोटा डी यायचा आणि त्याने वाचला की आर. साहेब आर येईपर्यंत फोन खाली ठेवायचे नाहीत. आणि एका बाईच्या आरची ते सगळ्यात जास्त वाट बघायचे.

त्या रस्त्यापलीकडच्या, गिऱ्हाइकाच्या कंपनीत होत्या. स्टोअरला, आमचा माल उतरवून घ्यायचं काम त्यांच्याकडे. मूळच्या रत्नागिरीकडच्या, एकट्याच, घरी म्हातारी आई. ओळखीची सुरुवात भांडणाने झाली. आमच्या एका लॉटची झाकणं वाकडी गेली होती आणि त्यांनी लँडलाइनवर फोन करून आमच्या एका मुलाला चांगलं झापलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी चलनाला आपलं कार्ड टाचून पाठवलं. त्यावर पिन होता. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. तो साहेबांनी मला दाखवला. 'आजची झाकणं बघितली. कालची रडत होती, ही नुसती रुसलेली आहेत. सुधारणा आहे.'

त्यानंतर काय काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही. मला एवढंच दिसायचं की टेबलापलीकडचा माणूस अधूनमधून मान खाली घालून हसतो. दोन वर्षं तरी हे चाललं असेल. दोन्ही कंपन्यांच्या गेटांमध्ये एक रस्ता आणि एक चहाची टपरी एवढंच अंतर. मी एकदा विचारलं, "साहेब, भेटलात का कधी?"

त्यांनी लिहिलं, 'रोज.'

"तसं नाही हो. समोरासमोर."

त्यांचे अंगठे हलले, थांबले, परत हलले. मग आलं, 'त्यांना वाटतं मी बोलका माणूस आहे.'

मग टच फोन आले. आधी पोरांच्या हातात, मग सगळ्यांच्या. त्यावर एक हिरवं ॲप होतं, नंबर टाकला की सुरू. आमचा मेसेंजर त्या फोनांवर नव्हता. तो फक्त बटणांच्या फोनवर. एकेक माणूस तिकडे जात गेला. साहेबांच्या सकाळच्या लिहिण्यापुढे आरच्या खुणा कमी होत गेल्या. मग समोरच्या कंपनीने एका दिवसात सगळ्यांचे जुने फोन जमा करून टच फोन वाटले. नेमका त्याच आठवड्यात त्या बाईंच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि त्यांनी नोकरी सोडली. आम्हाला हे कळलं ते त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडून. साहेबांचा शेवटचा मेसेज त्यांना गेला होता तो तसाच राहिला, त्याच्या बाजूला नुसती टिक. ना डी, ना आर. तो मी पाहिला आहे. 'उद्याची गाडी लवकर सोडतो. झाकणं हसरी आहेत.'

मी म्हटलं, "साहेब, त्यांच्या स्टोअरमध्ये माझ्या ओळखीची मुलगी आहे. नंबर काढून देते."

त्यांनी नकाराची मान हलवली. मला वाटलं, फोनच्या भीतीने. पण त्यांनी लिहिलं, 'त्यांनी दिला तर घेईन. असा काढून घेणार नाही.'

आमच्या कंपनीनेही मग तेच केलं. आयटीचा माणूस खोका घेऊन टेबलाटेबलावर फिरला. मी माझा जुना फोन खोक्यात टाकला आणि नवा चकचकीत घेतला. साहेबांनी जुना दिला नाही. आयटीवाला म्हणाला, "सर, नवीन फोनमध्ये सगळं आहे." साहेबांनी फोन शर्टाच्या खिशात घालून वरून हात ठेवला. जीएमकडे प्रकरण गेलं. जीएमनी त्यांना बोलावलं, पंधरा मिनिटं दोघं केबिनमध्ये समोरासमोर बसून एकमेकांना मेसेज करत होते, हे काचेतून आम्ही सगळ्यांनी बघितलं. शेवटी जीएम बाहेर येऊन आयटीवाल्याला म्हणाले, "तो फोन भंगारात दाखव. आणि यांना पुन्हा विचारू नकोस."

मला कारण नंतर कळलं. पिन त्या फोनचा होता. फोन गेला की पिन गेला. आणि त्या बाईंकडे साहेबांचा फक्त पिन होता.

पुढचा काळ मला आठवतो तो त्यांच्या गप्प बसण्यामुळे. ग्रुप राहिला नव्हता. हिरव्या ॲपवर यायला त्यांनी नकार दिला, कारण तिथे आलं की नंबर सगळ्यांना दिसणार. कामाचं ते ईमेलवर लिहायचे, पण ईमेलवर म्हशी लिहिता येत नाहीत. फोनची बॅटरी फुगायची, पाठचं झाकण वर यायचं. त्याला ते रबरबँड लावायचे आणि सुट्टीच्या दिवशी पिंपरीच्या बाजारात जुन्या बॅटऱ्या शोधत फिरायचे. शिफ्ट इनचार्ज मला म्हणाला, "ताई, मानूस वाळत चाललाय. तुमी समोर बसता, काय बोला की त्याच्यासंगं." मी बोलायचे. ते ऐकायचे, मान हलवायचे. घरी गेल्यावर माझ्या लक्षात यायचं की सगळं मीच बोलले.

एका सकाळी मात्र ते टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले आणि पेपरातली एक बातमी पुढे ठेवली. आमचा तो मेसेंजर आता टच फोनवरही येणार होता. बातमीवर बोट ठेवून ते उभे राहिले. "मिळेल," ते म्हणाले. तोंडाने म्हणाले.

तो येणार येणार म्हणून लांबला. तारीख जाहीर झाली, काही बिघाड झाला म्हणून मागे घेतली गेली. साहेब रोज सकाळी माझ्या फोनकडे बोट दाखवून भुवया उंचवायचे. अखेरीस आला तर तो उघडल्यावर समोर पाटी. ईमेल द्या, आपला नंबर आला की कळवू. माझ्या आयुष्यात मोबाइलवर रांगेत उभं राहायची ती पहिलीच वेळ. शिफ्ट इनचार्जनेही टाकला, जीएमनीही टाकला, ट्रान्सपोर्टवाल्याने साहेबांसाठी म्हणून टाकला. माझा नंबर लागला तेव्हा मी कँटीनमध्ये होते. साहेबांचा पिन टाकला आणि लगेच मेसेज आला. 'या. तुमचं डावं चाक अजून तसंच आहे.'

काही आठवडे फार मजेत गेले. ग्रुप पुन्हा भरला. सोडून गेलेली माणसंही आली, एक रांजणगावला होता, एक थेट गुजरातेत. साहेब दिवसातून दोनदा लिहायला लागले. राहून गेलेलं सगळं लिहीत होते, मालकिणीच्या गाईचं बाळंतपण, बंद पडलेल्या एका कंपनीच्या गेटवर अजून वेळेवर येऊन बसणारा वॉचमन. पण फार उशीर झालेला होता. हिरव्या ॲपवर आता प्रत्येकाची शाळा होती, सोसायटी होती, सासर होतं. दोन्हीकडे बघणं कुणाला जमेना. एकेक जण न सांगता उघडायचा थांबला. ग्रुपवर शेवटी मी, शिफ्ट इनचार्ज आणि साहेब एवढे उरलो. तरी साहेब निराश दिसत नव्हते. आम्ही त्यांना हवे होतो, पण ते थांबले होते दुसऱ्याच कुणासाठी.

पावसाळा संपत आला होता त्या दिवसांत. दुपारची वेळ, मी स्टॉकचे आकडे जुळवत होते. माझा फोन थरथरला. एकच शब्द होता. 'आल्या.'

मी वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

आईचं करण्यात त्या बाईंची ती सगळी वर्षं गेली होती. साधा फोन वापरत होत्या. भावाच्या मुलीने टच फोन घेऊन दिला, तिने त्यात काय काय टाकलं त्यात हा मेसेंजरही होता, आणि त्यांनी जपून ठेवलेलं कार्ड काढून पिन टाकला. पहिला मेसेज होता, 'झाकणं कशी आहेत?'

पुढे मी लग्न होऊन रहाटणीला राहायला गेले, नोकरीही बदलली. पण मेसेंजर मी ठेवला. सकाळचं लिहिणं मी, शिफ्ट इनचार्ज आणि बाई अशा तिघांसाठी चालू राहिलं. त्या बाईंची आई गेली तेव्हा साहेबांनी मला कळवलं. मी लिहिलं, 'भेटायला जा.' ते गेले नाहीत. त्यांनी रात्रभर लिहिलं असणार, पण गेले नाहीत.

मग एक दिवस मेसेंजरवरच सूचना आली की हा मेसेंजर आता कायमचा बंद होणार. ती वाचून मला पहिल्यांदा साहेबांची आठवण झाली, आणि मी काही लिहायच्या आत त्यांचाच मेसेज आला. 'रविवारी कुरुळीला येऊ शकाल? एक काम आहे. मला एकट्याला जमणार नाही.'

मी गेले. खोलीत एक खाट, एक टेबल, खिडकीतून कंपन्यांची शेडं. टेबलावर तो रबरबँड लावलेला फोन आणि एक नवा टच फोन, खोक्यातून नुकता काढलेला. बाईंनी नंबर दिला होता. साहेबांनी मला दाखवलं, आदल्या दिवशी त्यांनी बाईंना सगळं लिहिलं होतं, वॉचमनपासून. मी ते वाचलं नाही, नुसतं किती लांब आहे ते बघितलं. त्याच्यापुढे आर होता. आणि खाली उत्तर होतं, 'फोन करा.'

"मी लावून देऊ? मी बोलते आधी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडून आवाज आला, "हॅलो?" थोडा घोगरा, शांत आवाज. मी बोलणार तेवढ्यात साहेबांनी हात आडवा केला. फोन स्वतःकडे ओढला आणि तोंड उघडलं. तसंच झालं. ओठ थांबले, मान ताठ झाली. खाटेची कड त्यांनी घट्ट धरली होती. मी जमिनीकडे बघत राहिले. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता, इकडचा आणि तिकडचा.

मग त्या म्हणाल्या, "मी आहे. मला काही घाई नाही."

मी उठले आणि दार ओढून घेत खाली आले.

अंगणात मालकीणबाई गाईला पाणी दाखवत होत्या. मला बसायला खुर्ची दिली, चहा टाकते म्हणाल्या आणि मधेच थांबून वर बघायला लागल्या. वरून आवाज येत होता. तुटत, थांबत, पुन्हा सुरू होत. शब्द कळत नव्हते.

"कोन आलंय वर?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. फोनवर बोलतायत."

"ह्यो?" त्या पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. "धा-बारा वर्सं झाली आसतील ऱ्हातोय हितं. भाडं देताना बी चिठ्ठी देतो. मला वाटायचं आवाजच न्हाई मानसाला." मग गाईच्या पाठीवर हात ठेवून त्या ऐकत राहिल्या, मीही ऐकत राहिले. रस्त्यावरून ट्रेलर गेला की आवाज बुडायचा, ट्रेलर गेला की परत यायचा. चहा टाकायचं त्या विसरल्या.

ऊन उतरेपर्यंत तो फोन चालला.

त्या दोघांनी वर्षाच्या आत रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार म्हणून मी आणि शिफ्ट इनचार्ज. साहेब कुरुळीची खोली सोडून बाईंच्या संत तुकाराम नगरच्या घरात राहायला गेले. मेसेंजर तोवर बंद झाला होता. साहेब हिरव्या ॲपवर आले, नंबरासकट. मी त्यांना लगेच लिहिलं, आता सकाळचं सुरू करा. 'करू,' असं उत्तर आलं. पण ते सुरू झालं नाही. कधी दिवाळीचा फुलांचा फोटो यायचा, दुसऱ्याने पाठवलेला, पुढे ढकललेला. मी काही लांबलचक लिहिलं की उत्तर यायचं, 'छान.' किंवा नुसता अंगठा. आणि मग फोन यायचा. रविवारी सकाळी, माझ्या स्वयंपाकाच्या वेळी, साहेबांचा फोन. मी गॅस बारीक करून थांबायचे. ते नाव सांगायचे, वेळ लागायचा, मग खुशाली विचारायचे. मला आनंद व्हायचा. आणि फोन ठेवल्यावर दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. ज्याच्या लिहिण्याने माझी कितीतरी वर्षं रोजची सकाळ उजाडली, त्या माणसाला आता लिहायची गरज उरली नव्हती. हे चांगलंच झालं होतं. मला मात्र ती म्हैस हवी होती.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. बाई अजून तशाच शांत आहेत. साहेब रिटायर झालेत, थोडे सुटलेत. चहा घेता घेता त्यांनी मला आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. चाकणच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं होतं. नव्या कोऱ्या मोटारी लादलेला एक ट्रेलर अडकलेला, आणि त्याच्या शेजारीच एका लग्नाची वरात. नवरदेवाचा घोडा मोटारीच्या चकचकीत दारात स्वतःलाच बघून अडून बसला. ट्रेलर हलेना म्हणून घोडा हलेना, आणि घोडा हलेना म्हणून मागची सगळी माणसं. ही गोष्ट सांगायला त्यांना बराच वेळ लागला. 'गर्दी'वर ते अडकले, पण 'माणसं फार होती' असं म्हणाले नाहीत. गर्दीच म्हणाले. बाईंना गोष्ट आधीच ठाऊक असणार, तरी त्यांनी एकही शब्द पुढे केला नाही. हातातली बशी तशीच धरून त्या त्यांच्याकडे बघत होत्या, आत्ताच पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या. मी हसायचं तिथे हसले.

निघाले. जिना उतरून रस्त्यावर आले आणि रिक्षाची वाट बघत उभी राहिले. तिथेच मी तो घोडा फोनवर लिहून बघितला, त्यांच्यासारखा. एकदा लिहिला, खोडला, परत लिहिला. घोडा आला, ट्रेलर आला, पण ते आलं नाही. मी सगळं पुसलं. मग सवयीने पाहिलं, त्यांचा काही मेसेज आलाय का. आला नव्हता.

तेवढ्यात वरून हाक ऐकू आली. साहेब दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाकून उभे होते, हातात स्टीलचा डबा. मी विसरलेला, बाईंनी भरून दिलेला. ते माझं नाव घेत होते. नावाचं पहिलंच अक्षर धरून बसलं होतं. भाजीवाल्याने वर बघितलं, सायकलवरची दोन पोरं थांबली. साहेब कुणाकडे बघत नव्हते. रिक्षा येऊन उभी राहिली, रिक्षावाला म्हणाला, "ताई, बसताय ना?"

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि माझं नाव पूर्ण होईपर्यंत मान वर करून उभी राहिले.